दोन राउंडमध्ये मेलेला ट्रोल आणि पार्टीला झोपवणारे आठ ऑर्क: हिशोब कुठे बिनसतो?

एका गेम मास्टरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, प्रश्न थोडक्यात असा आहे. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. पाचव्या लेव्हलची चौघांची पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट: फायटर, रेंजर, क्लेरिक, विझार्ड. एका सेशनला एकटा ट्रोल ठेवला, तो दोन राउंडमध्ये (एका राउंडला प्रत्येकाचा एक टर्न) आडवा झाला. पुढच्या सेशनला आठ ऑर्क ठेवले, तर विझार्ड आणि रेंजर खाली पडले आणि क्लेरिकचे सगळे स्पेल स्लॉट (दिवसभरात वापरायच्या जादूचा साठा) संपले. पुस्तकातल्या तक्त्यानुसार दोन्ही लढाया ‘मीडियम’च्या आसपासच्या. मग चूक तक्त्याची की माझी?

तुमची बेरीज बरोबर आहे. पाचव्या लेव्हलला मीडियमचा आकडा दर पात्रामागे ५०० एक्सपी (अनुभवाचे गुण, इथे शत्रूचं वजन मोजायला), म्हणजे चौघांचे २०००. ट्रोलचे १८००. ऑर्कचे प्रत्येकी १००, आठांचे ८००, आणि सात ते दहा शत्रू असले की २.५ ने गुणायचं, म्हणजे बरोबर २०००. कागदावर ऑर्कांची लढाई जराशीच जड दिसते. खेळताना मात्र ती तिप्पट महागात पडते, आणि का ते आकड्यांतच दिसतं. खरा प्रश्न ‘ही लढाई किती एक्सपीची’ हा नसून ‘शत्रूला एकूण किती टर्न मिळणार’ हा आहे. चॅलेंज रेटिंग (शत्रू किती भारी याचा पुस्तकातला आकडा) आणि एक्सपी या टर्नांचा फक्त अंदाज बांधतात, आणि एकटा शत्रू किंवा मोठा घोळका समोर असला की तो अंदाज सगळ्यात जास्त चुकतो.

हिशोब मांडण्याआधी गृहीत काय धरतोय ते सांगतो, कारण तुमच्या टेबलावर हे वेगळं असू शकतं. मुख्य अ‍ॅबिलिटी १८, जादूची शस्त्रं नाहीत, कॉन्स्टिट्यूशन १४, फायटरकडे ग्रेटसोर्ड, रेंजरकडे लाँगबो आणि आर्चरी स्टाइल, विझार्डने मेज आर्मर हा संरक्षक स्पेल टाकलेला नाही. एचपी, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, होतात फायटर ४४, रेंजर ४४, क्लेरिक ३८, विझार्ड ३२, एकूण १५८. आर्मर क्लास (एसी), म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, सरासरी १६. कुणाकडे +१ ची तलवार असेल किंवा विझार्डच्या जागी बार्बेरियन असेल तर आकडे हलतील, पद्धत तीच राहील.

वार वीस बाजूंच्या फाशावर ठरतो. तो लागण्याची शक्यता काढायला २१ मध्ये अटॅक बोनस (फाशात मिळवायचा आकडा) मिळवा, त्यातून समोरच्याचा एसी वजा करा आणि २० ने भागा. +७ ने एसी १५ वर मारलं तर १३ भागिले २०, म्हणजे ६५ टक्के. हा आकडा सरासरी डॅमेजने गुणा, आणि क्रिटिकलसाठी (वीस पडले की डॅमेजचे फासे दुप्पट) फक्त फाशांच्या सरासरीचे ५ टक्के वर घाला. फायटरचा एक वार २डी६+४ (सहा बाजूंचे दोन फासे अधिक ४), सरासरी ११. ट्रोलच्या एसी १५ वर तो ७.१५ अधिक ०.३५ म्हणजे ७.५ पडतो, दोन वारांचे १५. रेंजर +९ ने दोन बाण मारतो, त्याचे १३. विझार्डच्या फायर बोल्टचे जवळपास ८, क्लेरिकच्या सेक्रेड फ्लेमचे ६ (दोन्ही स्लॉट न लागणारे स्पेल). बेरीज ४२.

ट्रोलचे एचपी ८४. म्हणजे एकही स्लॉट न वापरता ही पार्टी त्याला जेमतेम दोन राउंडमध्ये संपवते. शिवाय फायर बोल्ट लागला की त्याचं रीजनरेशन (दर टर्नला एचपी परत भरणं) पुढच्या टर्नला बंद. पहिल्याच राउंडला फायरबॉल (तिसऱ्या लेव्हलचा स्फोटाचा स्पेल) पडला तर ४२ चे ५७ होतात, फायटरने अ‍ॅक्शन सर्ज (एका टर्नला दुप्पट वार) वापरला तर ७२. तुमच्या खेळाडूंचं नशीब त्या दिवशी खास जोरावर नव्हतं. तो ट्रोल दोन राउंडचाच होता.

आता त्या दोन राउंडमध्ये ट्रोलने काय केलं असेल? एक चावा आणि दोन पंजे, +७ ने, तिन्ही लागले तर सरासरी २९ च्या वर. एसी १६ विरुद्ध अपेक्षित डॅमेज १८.६. त्याला एक किंवा दोन टर्न मिळाले असतील, म्हणजे १९ ते ३७. पार्टीच्या १५८ पैकी. कुणाला घाम फुटला नाही यात नवल नाही.

ऑर्कांकडे वळू. एका ऑर्कचा ग्रेटअ‍ॅक्स +५ ने १डी१२+३. एसी १६ वर शक्यता ५० टक्के, अपेक्षित डॅमेज ५ च्या किंचित वर. आठ जणांचे एका राउंडला ४० हून जास्त, म्हणजे ट्रोलच्या दुप्पट. पण खरी गोम पुढे आहे. पार्टी एका राउंडमध्ये किती ऑर्क पाडते? प्रत्येकी १५ एचपी आणि ग्रेटसोर्डची सरासरी ११, म्हणजे एका वारात ऑर्क सहसा मरत नाही आणि दुसऱ्या वारातले उरलेले पॉइंट वाया जातात. नुसत्या शस्त्रांनी राउंडला दीडेक, एखादा फायरबॉल धरला तर सरासरी दोन. आठ ऑर्क आधी खेळले तर त्यांना ८, ६, ४, २ असे एकूण २० टर्न मिळतात. वीस टर्न गुणिले ५ म्हणजे १०० डॅमेज. पार्टी आधी खेळली तर ६, ४, २ असे १२ टर्न, म्हणजे ६१.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तेच ऑर्क, तीच पार्टी, आणि फक्त इनिशिएटिव्हच्या (आधी कोण खेळणार ते ठरवणाऱ्या) फाशावर ६१ किंवा १००. ट्रोलच्या बाबतीत हाच फरक १९ किंवा ३७. म्हणून घोळक्याच्या लढाईचा निकाल इतका वर-खाली होतो. सगळ्या ऑर्कांसाठी मिळून एकच इनिशिएटिव्ह टाकत असाल तर ती सवय आधी मोडा. एक फासा जास्त पडला की आठही जण एकामागोमाग येतात आणि कुणाला सावरायची संधीच मिळत नाही. मी चार-चारचे दोन किंवा तीन-तीन-दोनचे तीन गट करतो. कामही वाढत नाही आणि हा झटका निम्म्यावर येतो.

संख्येचा परिणाम सरळ रेषेत वाढत नाही हेही इथेच कळतं. आठऐवजी चार ऑर्क असते आणि ते आधी खेळले असते तर ४ आणि २ असे ६ टर्न. संख्या निम्मी, पण टर्न वीसवरून सहावर, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात खऱ्या सैन्यांसाठी हेच मांडलं होतं: सगळे सगळ्यांवर मारा करू शकत असतील तर बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पुस्तकातले १.५, २, २.५ हे गुणक याचाच ढोबळ अंदाज आहेत. डी अँड डीच्या २०२४ च्या नव्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये हे गुणक काढून टाकलेत, एक्सपीची सरळ बेरीज करायची. त्यामुळे नव्या नियमांनी खेळणाऱ्याने तर टर्न मोजायलाच हवेत. शंभर एक्सपीचे आठ जण तिथे ८०० धरले जातात, आणि चौघांच्या पाचव्या लेव्हलच्या पार्टीची सगळ्यात खालची पायरीच २००० ची आहे.

दुसरी गोष्ट लढाईच्या बाहेरची, आणि ती बहुतेक जणांच्या नजरेतून सुटते. २०१४ च्या पुस्तकातला ‘मीडियम’ एकट्याने उभा राहण्यासाठी नाहीच. पाचव्या लेव्हलच्या पात्राला एका लाँग रेस्टपासून (रात्रभराच्या विश्रांतीपासून) दुसऱ्या लाँग रेस्टपर्यंत ३५०० एक्सपी पेलतील असं ते पुस्तक धरतं. चौघांचे १४०००. मीडियम २००० ची, म्हणजे दिवसातल्या सात लढायांपैकी एक. तुमच्या टेबलावर दिवसाला एकच लढाई होत असेल तर विझार्ड तिसऱ्या लेव्हलचे दोन्ही स्लॉट पहिल्या दोन राउंडमध्ये जाळणार, आणि ते योग्यच आहे, कारण जपून ठेवायला उद्या नाही. दिवसाला एक-दोनच लढाया असतील तर मीडियम विसरा, ‘डेडली’च्या, म्हणजे तक्त्यातल्या सगळ्यात वरच्या पायरीच्या, ४४०० पासून सुरुवात करा. पण ते एक्सपी एकाच शत्रूवर टाकू नका, नाहीतर ट्रोलचीच कथा मोठ्या आकड्यात परत घडेल.

मग नवी लढाई आखताना मी काय बघतो? तीन भागाकार, पाच मिनिटांचं काम.

पहिला: शत्रूंचे एकूण एचपी भागिले पार्टीचं एका राउंडचं डॅमेज. हे डॅमेज सूत्राने काढण्यापेक्षा मागच्या दोन-तीन लढायांत कागदावर टिपलेलं असेल तर उत्तम. उत्तर तीन ते चार यायला हवं. दोनच्या खाली लढाई सुरू होईतो संपते, पाचच्या वर खेळाडू मोबाइल बघायला लागतात.

दुसरा: शत्रूंना मिळणारे एकूण टर्न गुणिले दर टर्नचं अपेक्षित डॅमेज, भागिले पार्टीचे एकूण एचपी. पंचवीस ते चाळीस टक्के म्हणजे खरीखुरी मीडियम. साठच्या आसपास लढाई कठीण, कुणीतरी एकदा तरी शून्यावर जाणार. ऐंशीच्या पुढे पळवाट ठेवल्याशिवाय जाऊ नका. तुमचे ऑर्क ३९ ते ६३ टक्क्यांच्या पट्ट्यात होते, म्हणजे फासे जरा उलटे पडले तरी कठीण. ट्रोल १२ ते २३.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण सरासरी इथे लपवाछपवी करते: एका राउंडमध्ये एकाच पात्रावर जास्तीत जास्त किती येऊ शकतं आणि सगळ्यात नाजूक पात्राचे एचपी किती. एसी १२ च्या विझार्डवर ऑर्कची शक्यता ५० वरून ७० टक्के होते, दर ऑर्कचे ७. पाच ऑर्क त्याच्यापर्यंत पोचले तर ३५, आणि त्याचे एचपी ३२. पहिल्याच राउंडला तो जमिनीवर. ऑर्कांकडे अ‍ॅग्रेसिव्ह ही क्षमता असते, बोनस अ‍ॅक्शनने ते शत्रूच्या दिशेने आणखी ३० फूट सरकतात. म्हणून ६० फुटांवर ठेवले की पार्टीला एक राउंड मोकळा मिळेल हा हिशोब त्यांच्यापुढे चालत नाही. बहुधा तुमच्याकडे हेच झालं.

खालच्या लेव्हलला हा तिसरा भागाकार तर जीवनमरणाचा आहे. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे ८ एचपी. ओग्र या राक्षसाचा सोटा २डी८+४. शून्यावर गेल्यावर उरलेलं डॅमेज कमाल एचपीइतकं भरलं तर पात्र तिथल्या तिथे मरतं, म्हणजे एका वारात १६ आले की संपलं, डेथ सेव्हही (जगण्या-मरण्याचे फासे) नाहीत. २डी८ वर १२ किंवा जास्त येण्याची शक्यता ६४ पैकी १५. लागलेल्या दर चार वारांतला जवळपास एक वार विझार्डला जागीच मारणारा. एक्सपीची बेरीज हे कधीच सांगत नाही.

दुरुस्ती करताना आधी कशाला हात लावायचा? एचपीला. प्रत्येक मॉन्स्टरच्या एचपीपुढे कंसात फासे दिलेले असतात, त्यांचा वापर करा. ट्रोलचे ८डी१०+४० म्हणजे ४८ पासून १२० पर्यंत कुठलाही आकडा पुस्तकाच्या चौकटीत बसतो. ११० चा ट्रोल नियमबाह्य नाही, तो फक्त धडधाकट आहे. एसी मात्र शक्यतो वाढवू नका. १५ चा १८ केला की फायटरची शक्यता ६५ वरून ५० टक्क्यांवर येते. लढाई लांबते, पण ‘लागला नाही, लागला नाही’ असं ऐकत लांबते, आणि सेव्हवर (लक्ष्याने फासा टाकून केलेल्या बचावावर) चालणाऱ्या स्पेल्सवर काही परिणाम न झाल्याने फायटर आणि विझार्ड यांच्यातली दरी वाढते. डॅमेज वाढवायचं असेल तर एका मोठ्या वारात घालू नका, वारांची संख्या वाढवा. दोन वेळा ११ आणि एक वेळा २२ यांची सरासरी एकच, पण दुसऱ्यात निकाल एका फाशावर टांगलेला राहतो.

एकट्या शत्रूला आणखी एक धोका असतो: एक सेव्ह हुकली की खेळ खलास. ट्रोलचं विज्डम ९, सेव्हला −१. विझार्डच्या हिप्नॉटिक पॅटर्न या भुरळ घालणाऱ्या स्पेलसमोर, डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १५ असताना, तो ७५ टक्के वेळा हुकतो. ड्रॅगनसारख्या एकट्याने लढणाऱ्यांना लेजंडरी रेझिस्टन्स आणि लेजंडरी अ‍ॅक्शन दिलेले असतात ते याचसाठी, एक सेव्हसाठी, दुसरा टर्नांची तूट भरायला. तुमच्या ट्रोलला एवढ्या भानगडीची गरज नाही. त्याला ११० एचपी द्या आणि सोबत दोन ऑर्क उभे करा. पार्टीचा एक राउंड ऑर्कांवर जातो, मग ट्रोलवर अडीच. ट्रोलला तीन-चार टर्न, ऑर्कांना मिळून फार तर दोन. डॅमेज ५६ ते ८५, म्हणजे ३५ ते ५४ टक्के. पार्टीने ऑर्क सोडून थेट ट्रोलला धरलं तर ऑर्कांचे टर्न वाढतात, आणि आधी कुणाला मारायचं हा विचार करायला लावणारी लढाई तुम्हाला मिळते.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. तिथे लेव्हल जवळपास प्रत्येक बोनसमध्ये मिळते आणि डीसीपेक्षा १० ने जास्त आलं की क्रिटिकल, त्यामुळे दोन लेव्हल वरचा एकटा शत्रू खरंच भारी पडतो आणि बजेटचे आकडे बरेच विश्वासार्ह आहेत. चौघांसाठी मॉडरेट ८०, सीव्हिअर १२०, पार्टीच्या लेव्हलचा एक शत्रू ४० चा. तिथे ही सगळी आकडेमोड क्वचितच लागते.

आता तुमचे आठ ऑर्क. ते कमी करायची गरज नाही, फक्त एकाच वेळी आणू नका. पाच समोर ठेवा, तीन तिसऱ्या राउंडच्या सुरुवातीला मागच्या दाराने येऊ द्या. ऑर्क आधी खेळले तर टर्न होतात ५, ३, ४, २ म्हणजे १४, आधीच्या २० ऐवजी. पार्टी आधी खेळली तर ३, १, २ म्हणजे ६, आधीच्या १२ ऐवजी. ऑर्क तेच, एक्सपी तेच, डॅमेज ३० ते ७१. वरचा आकडा अजूनही बोचरा आहे, म्हणून इनिशिएटिव्हचे गट वेगळे ठेवा म्हणजे निकाल मधोमध राहील. दारं अरुंद असतील तर एका वेळी दोघं-तिघंच भिडतात आणि फायटर वाट अडवून उभा राहिला की त्याच्या एसीला अर्थ येतो. मैदान मोकळं असेल तर विझार्डभोवती पाच ऑर्क जमणार हे आधीच धरून चाला.

एक बारीक जागा फायरबॉलची. ८डी६, सरासरी २८, सेव्ह झाली तर निम्मं, १४. ऑर्कचे एचपी १५. म्हणजे सेव्ह केलेला ऑर्क बहुतेकदा एखाद्या पॉइंटवर तग धरून उभा राहतो आणि पुढच्या टर्नला पूर्ण ताकदीने कुऱ्हाड चालवतो, कारण या खेळात एक एचपीचा ऑर्क आणि पंधरा एचपीचा ऑर्क सारखंच डॅमेज करतात. एचपी १३ केले तर सेव्ह केलेला ऑर्कही मरण्याची शक्यता साधारण चाळीसवरून सत्तर टक्क्यांवर जाते. २डी८+६ मध्ये १३ सहज बसतात. उलट तुमचा विझार्ड दर वेळी फायरबॉलनेच मैदान साफ करत असेल तर १७ ठेवा आणि त्यांना वीस फूट त्रिज्येच्या वर्तुळात एकत्र उभे करू नका.

हे बदल लढाईच्या आधी करा. चालू लढाईत एचपी गुपचूप वाढवू किंवा घटवू नये असं माझं ठाम मत आहे. दोन-तीनदा झालं की खेळाडूंना ते कळतं, आणि मग चांगल्या डावपेचांना किंमत राहत नाही. हिशोब चुकला आणि लढाई जड जाते आहे असं दिसलं तर शत्रूंचं वागणं बदला. निम्मे मेल्यावर ऑर्क मागे हटतात, एखादा पडलेल्या विझार्डला ठार करण्याऐवजी ओढत घेऊन जायला बघतो, दुसरी तुकडी दाराशीच थबकते. हलकी जात असेल तर ती तुकडी तिसऱ्याऐवजी दुसऱ्याच राउंडला येते.

पुढच्या सेशनला पार्टीचं दर राउंडचं डॅमेज आणि पार्टीला बसलेलं डॅमेज एका कागदावर टिपून ठेवा, फक्त दोन रकाने. माझे ४२ आणि १५८ हे गृहीत धरलेले आकडे आहेत. तीन लढायांनंतर तुमच्याकडे खरे असतील, आणि मग वरचे तिन्ही भागाकार त्यांनीच करा.